शेजारचं बीगल, ड्राय बाल्कनी आणि ५५ डेसिबल

तिसरा_मजला

मंडळी, नमस्कार. बारा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिला धागा काढायची वेळ आली ती एका कुत्र्यामुळे.

पुण्यात जुनी चार मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. जूनमध्ये आमच्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्याने आलं. वागायला अगदी चांगली, जिन्यात भेटली तर आईच्या हातातली पिशवी घेणारी. त्यांच्याबरोबर पेढा आला. पेढा म्हणजे बीगल, वय वर्षं दीड. दोघं साडेआठला हिंजवडीकडे निघतात ते रात्री आठ-साडेआठला उगवतात. मधले बारा तास पेढा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि फरशी पुसायची बादली यांच्या मधे. त्यांची ड्राय बाल्कनी आणि आमचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर, म्हणजे हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर. ज्यांनी डक्टवरच्या घरात दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. तळमजल्यावर मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या मजल्यावर आम्ही शिंकतो, तिथे आवाजाची काय कथा.

आणि हे साधं भू भू नाही. आधी तीन-चार तुटक भुंकणं, मग एक लांबलचक ऊऽऽऽ, जो डक्टमधून गच्चीपर्यंत जातो आणि परत येतो. मी घरून मुद्रितशोधन करते. ऱ्हस्वदीर्घ बघत बसलेली असताना तो आला की माझा पुढचा प्रत्येक उकार दीर्घच होतो. आई ७९ वर्षांची, दुपारचा तिचा तासभर डोळा लागतो, तेवढाच. तोही गेला.

सेक्रेटरी म्हणाले, "कुत्रं आहे, भुंकणारच." चौकीत फोन केला, तिथून प्रश्न आला, "चावलं का?" म्हटलं नाही. "मग?"

तोच माझा प्रश्न आहे. मग? कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल आपल्याकडे काही नियम आहे की नाही?

मोतीचीआई

कुत्रा भुंकणार नाही तर काय अभंग म्हणणार? वरच्या मजल्यावरचं ड्रिल चालतं, ढोल पथकाचा दोन-दोन महिने सराव चालतो, लग्नाच्या वरातीतला डीजे चालतो. मुक्या जिवाने तोंड उघडलं की लगेच पोलीस?

पेठी_माणूस

ढोलाला मधे आणायचं काम नाही.

तिसरा_मजला

मोतीचीआई, मुका जीव असता तर धागाच काढला नसता हो.

माजी_सेक्रेटरी

आठ वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद भोगलंय, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, 'कुत्रा काढा' असा ठराव करायच्या फंदात तुमची सोसायटी पडली तर तुम्ही स्वतः विरोध करा. आम्ही केला होता तो शहाणपणा. सर्वसाधारण सभेत हात वर करून, टाळ्या वाजवून मंजूर. पंधरा दिवसांत एका सभासदाने भारतीय पशु कल्याण मंडळाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक छापून सूचना फलकावर आमच्याच ठरावाशेजारी लावलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, वेगळे पैसे घेता येत नाहीत. भुंकणं हे बंदीचं कारणच होऊ शकत नाही. ठराव गुपचूप मागे घेतला.

मात्र त्याच परिपत्रकातला पुढचा भाग कुणी फलकावर लावत नाही. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, ती सोसायटीने सहन करावी, हे खरं. पण सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, त्यामुळे कुत्र्याला शांत ठेवायचा सगळा प्रयत्न मालकाने करावा, विशेषतः रात्री, हेही तिथेच आहे. तुमच्या सेक्रेटरींना तो परिच्छेद दाखवा. 'भुंकणारच' एवढ्यावर त्यांची सुटका होत नाही.

काळाकोट

वकिली करतो, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा.

सगळ्यांच्या तोंडी असतो तो कायदा म्हणजे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. म्हणजे तिसरा_मजला यांना दिवसा निदान ६५ लागतील.

आता गंमत बघा. नियमात लाउडस्पीकर आहे, वाद्यं आहेत, २०१० च्या दुरुस्तीनंतर हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं आहेत. कुत्रा कुठेच नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मांडव होता, ड्राय बाल्कनी नव्हती.

मग उरतो 'उपद्रव'. भारतीय न्याय संहितेचं कलम २७० म्हणजे सार्वजनिक उपद्रव, जुन्या दंड संहितेतलं २६८. शिक्षा कलम २९२ खाली, दंड १,००० रुपयांपर्यंत. जुन्या कलम २९० मध्ये तो २०० होता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून एकदम पाचपट! पण सार्वजनिक म्हणजे आसपासच्या लोकांना त्रास व्हायला हवा. एकट्या तुमच्या स्वयंपाकघराला होतो तो खाजगी उपद्रव, त्याला दिवाणी न्यायालय आणि मनाई हुकूम. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ खाली, कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतात, पण तिथेही सार्वजनिक हाच शब्द आडवा येतो. बारा बिऱ्हाडांपैकी सहा-सात जणांच्या सह्या असतील तर अर्जाला वजन येतं. एकटीच्या अर्जावर फार तर समोरच्याला बोलावून समज देतात. त्या समजेनंतर तुम्ही जिन्यात एकमेकींकडे कशा बघणार, तेही आधीच ठरवून ठेवा.

तिसरा_मजला

सह्या मागायला दुसऱ्या मजल्यावर गेले होते. त्यांचं सगळं घर रस्त्याच्या बाजूला, त्यांना पेढा ऐकूच येत नाही. म्हणाले, "कुठलं कुत्रं?"

मग मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेढा ७४ ते ७८ येतो. हुरूप आला, म्हणून पुढच्या गॅलरीत जाऊन नुसतंच मोजलं. कुत्रं नाही, काही नाही, फक्त बस आणि रिक्षा. ६३. म्हणजे आमच्या घरात कायदा पुढच्या बाजूने रोजच मोडतोय आणि तक्रार मी मागच्या बाजूची करतेय.

आकडेमोड

ताई, ते ७८ घेऊन कुठे जाऊ नका. एक तर मोबाईलचा माइक कॅलिब्रेट केलेला नसतो, तो पुरावा म्हणून कुणी धरणार नाही. त्याहून मोठी भानगड म्हणजे नियमातला आकडा हा क्षणाचा नसून ठरावीक वेळेची सरासरी असतो. ही सरासरी लघुगणकी, म्हणजे शाळेतली बेरीज-भागाकार इथे चालत नाही.

समजा तुमच्या डक्टमध्ये एरवी ५० डेसिबल असतात आणि पेढा ७५ ने भुंकतो. तासातली पूर्ण ६ मिनिटं त्याचा आवाज भरला, तर तासाची सरासरी येते साधारण ६५. म्हणजे वकीलसाहेबांच्या उंबरठ्यावर जेमतेम. पण एकेक भुंकणं असतं अर्ध्या सेकंदाचं. तुम्हाला दहा मिनिटं अखंड वाटतं, त्यात खरा आवाज मिनिटभरही नसतो. तासात ३६ सेकंद धरा, सरासरी ५६ वर येते. कागदावर पेढा जवळजवळ सज्जन.

कुत्रा डोकं उठवतो तो दोन भुंकण्यांच्या मधल्या शांततेने. आता थांबला, आता थांबला म्हणेपर्यंत पुढचं येतं. ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

(अवांतर: गिनेसच्या नोंदीतलं सर्वांत मोठं भुंकणं ११३.१ डेसिबलचं आहे, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एका गोल्डन रिट्रीव्हरचं, २०१२ सालचं. तुमचा पेढा अजून लहान आहे.)

राईनकाठी

आकडेमोड यांनी बरोबर नस पकडली. इकडे जर्मनीत भुंकणं मिनिटांत मोजतात. आमच्या कोलोनच्या उच्च न्यायालयाचा १९९३ चा एक निकाल अजूनही लोक एकमेकांच्या तोंडावर मारतात. सलग १० मिनिटांपेक्षा जास्त नाही, दिवसभरात मिळून ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ व दुपारी १ ते ३ या वेळात अजिबात नाही. पुणेकरांनो, शेवटचं कलम पुन्हा वाचा! दुपारी १ ते ३! मला तर तो न्यायाधीश सदाशिव पेठेतला वाटतो.

अर्थात हा देशाचा कायदा नव्हे, एका खटल्यातला निकाल. दुसरी न्यायालयं वेगळं सांगतात. आणि कुत्र्याला घड्याळ कोण शिकवणार, हा युक्तिवादही इकडे होतोच.

एलए_काकू

आमच्या लॉस एंजेलिस शहराच्या नियमातही मिनिटंच आहेत. सलग १० मिनिटं, किंवा तीन तासांत तुटक तुटक मिळून ३० मिनिटं भुंकला तर तो 'अतिरेकी आवाज'. न्यूयॉर्कला दिवसा १० मिनिटं, रात्री १० नंतर ५. डेसिबलचं नावच नाही, त्यामुळे ॲप लागत नाही, वही-पेन पुरतं. मी स्वतः मागच्या घराच्या कुत्र्यासाठी वही घातली होती. वेळा लिहायला लागल्यावर निम्मा राग तिथेच गेला, कारण जो कुत्रा रात्रभर भुंकतो असं मी शपथेवर सांगितलं असतं, तो वहीत पावणेबारा ते बारा एवढाच निघाला. बाकीची रात्र मी तो भुंकायची वाट बघत जागी होते.

ताई, वही घाला.

पेठी_माणूस

सगळे पाळीव कुत्र्यावर बोलताहेत. आमच्या गल्लीत रात्री अडीचला जी संगीत सभा भरते तिचा मालक कोण? सध्या भाद्रपद चालू आहे, अजून काय बोलू.

गुरांचा_डॉक्टर

पेठी_माणूस, भाद्रपदाचं उत्तर नसबंदी, दुसरं नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. तुमच्या सभेतल्या गवयांचे कान बघा, नसबंदीची खूण म्हणून पाडतात ती खाच आहे का. नसेल तर महापालिकेकडे तक्रार नोंदवा, 'भुंकतात' अशी नको, 'नसबंदी झालेली नाही' अशी. त्यावर निदान गाडी येते. खाऊ घालायची जागा आणि वेळही त्याच नियमांत ठरवून द्यायला सांगितली आहे, जिन्याजवळ आणि इमारतीच्या दाराशी नको म्हणून. रात्री अकराला कोपऱ्यावर बिर्याणीची उरलेली हाडं पडली की भोवतीच्या तीन गल्ल्यांचे कुत्रे हद्दीवर येणारच.

आता पेढ्याकडे. बीगल ही माणसाने मुद्दाम घडवलेली जात आहे. कळपाने सशाचा माग काढायचा आणि मागे राहिलेल्या शिकाऱ्याला लांबून आवाज देत राहायचं, हे तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. तो लांब ऊऽऽ म्हणजे त्याची नोकरी आहे. अशा कुत्र्याला चार बाय सहाच्या बाल्कनीत बारा तास ठेवणं म्हणजे ढोलवाल्याला ग्रंथालयात बसवणं. (पेठी_माणूस, माफी.)

दोन शक्यता आहेत. मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सुरू होत असेल, दार ओरबाडणं, लाळ, नको तिथे मुतणं असेल, तर एकटं राहायची भीती. मधेच, कशाचं तरी निमित्त होऊन होत असेल तर कंटाळा. दोन्हीचे उपाय वेगळे. म्हणून एलए_काकूंची वही मलाही हवी आहे, पण तिच्यात एक रकाना वाढवा: भुंकण्याच्या आधी काय झालं.

शॉकचा पट्टा वगैरे कुणी सुचवलं तर हाकलून द्या. भित्र्या कुत्र्याला शॉक दिला तर भीती दुप्पट होते.

आणि वकीलसाहेब एक कलम विसरले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही तर ती क्रूरता आहे. कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

काळाकोट

कबूल, विसरलो. पन्नास रुपयांत हल्ली दोन वडापाव येतात, म्हणून बहुतेक लक्षात राहत नाही.

मोतीचीआई

डॉक्टरांशी सहमत. आधी चिडून लिहिलं, पण बारा तास ड्राय बाल्कनी हे वाचलंच नव्हतं नीट. बिचारा.

तिसरा_मजला

तीन आठवड्यांनी येतेय, सविस्तर लिहिते.

वही घातली. आईला कामाला लावलं, कारण मी कामात असते तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे नसतं. तिला फार आवडलं. जुन्या डायरीत, पेन्सिलीने, 'पे. ९:०५ ते ९:२०, कारण अज्ञात' अशा नोंदी. अठरा दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा तीन वेळा ठळक दिसल्या. पावणेनऊ ते साडेनऊ, म्हणजे जोडपं गेल्या गेल्या. सव्वाअकराच्या आसपास, तेव्हा पहिल्या मजल्यावरची मांजर डक्टमधल्या पाइपावर येऊन बसते. आणि साडेबारा ते पाऊण. या तिसऱ्या वेळेचं कारण काही सापडेना. एके दिवशी आई म्हणाली, "अगं, आपल्या कुकरची शिट्टी झाली की तो सुरू होतो."

हसू नका. दोन दिवस मुद्दाम तपासलं. पहिली शिट्टी, शांत. दुसरी शिट्टी, ऊऽऽऽ. अगदी शिट्टीच्याच सुरात. वरण तीन शिट्ट्यांचं, भात दोन. म्हणजे ज्या दुपारच्या गोंधळासाठी मी चौकीत फोन केला होता, त्याची सुरुवात माझ्याच गॅसवर होत होती.

रविवारी त्यांच्याकडे गेले. वही नेली, शिवाय मोबाईलवर एक रेकॉर्डिंग. दार उघडलं तर पेढा पायाशी येऊन आडवाच झाला, पोट वर करून. मुलगी म्हणाली, "काकू, हा तर आवाजच करत नाही. आम्ही असताना चकार शब्द नाही." मी काही न बोलता रेकॉर्डिंग लावलं. पेढ्याने मान तिरकी केली, मोबाईलकडे बघितलं आणि स्वतःच्याच आवाजाला साथ द्यायला सुरुवात केली. मुलगी आधी हसली, मग एकदम रडवेली झाली. म्हणाली, "रोज असं?" तिला खरंच माहीत नव्हतं. ती घरात असते तेव्हा तो गप्प असतो, तो भुंकतो तेव्हा ती हिंजवडीत असते. चार महिन्यांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी आधी सेक्रेटरीकडे गेले, मग चौकीत, मग तुमच्याकडे.

नंतर कळलं की तिला धास्ती वेगळीच होती. घर मिळायला त्यांना पाच महिने लागले होते. कुत्रा म्हटलं की दार बंद. तक्रार घरमालकापर्यंत गेली तर खाली करावं लागेल म्हणून ती दोघं पेढ्याला मुद्दाम मागच्या बाल्कनीत ठेवत होती, की पुढून रस्त्यावर आवाज जायला नको.

सध्या असं चाललंय. बाल्कनी बंद, पेढा हॉलमध्ये. सकाळी तो पाऊण तास टेकडीवर, पळवत नाहीत, नुसतं हुंगत फिरवतात, डॉक्टरांनी इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं तसं. जाताना जुन्या टॉवेलच्या घडीत खाणं लपवून ठेवतात. एकला एक कॉलेजचा मुलगा येऊन खाली फिरवून आणतो. पावणेनऊचं भुंकणं निम्म्यावर आलंय, गेलेलं नाही. मांजरीचा प्रश्न मिटला, त्याला ती आता दिसत नाही. शुक्रवारी तो मुलगा येत नाही, तेव्हा शुक्रवार आहे तसाच आहे.

कुकर मी सकाळी आठलाच लावते.

माजी_सेक्रेटरी

महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढलाय का त्यांनी, ते विचारा. लसीकरणाचा दाखलाही जवळ असू द्या म्हणावं. उद्या तिसऱ्याच कुणी तक्रार केली तर पहिला प्रश्न तोच येतो, आणि कागद नसले तर बाकी सगळं बरोबर असूनही खाली बघावं लागतं.

पेठी_माणूस

सात कान बघितले. दोघांना खाच आहे. बाकीच्यांसाठी तक्रार टाकली आहे. सभा चालू आहे.

राईनकाठी

सात कान म्हणजे साडेतीन कुत्रे का?

पेठी_माणूस

एकाला एकच आहे.

वाचनमात्र_२

आमच्याकडे समोरच्या इमारतीत हस्की आहे, ठाण्यात, ऑक्टोबरच्या उन्हात. पहाटे पाचला सुरू. त्या वहीचे रकाने कुणी सांगेल का? मला एक्सेलमध्ये करायचंय.

तिसरा_मजला

तारीख, सुरू झालं ती वेळ, थांबलं ती वेळ, सलग की तुटक, आधी काय झालं, त्या वेळी मालक घरी होते का. आईने शेवटी एक रकाना स्वतःच आखला होता, तोही ठेवा: 'कुकर, होय/नाही'.